डाव्या किडनीचे साडेपाच मिलिमीटर

मी मिरजेत एका सोनोग्राफी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करते, १४ वर्षं झाली. सर प्रोब फिरवत आकडे बोलतात आणि मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बडवत जाते. गरोदर बायकांच्या रिपोर्टात बाळाच्या किडनीत 'माइल्ड फुलनेस' ही ओळ इतक्यांदा येते की मी तिचा शॉर्टकटच करून ठेवलाय, एफ आठ दाबलं की अख्खी ओळ उमटते, फक्त डावी-उजवी आणि मिलिमीटर भरायचे. त्या ओळीचं पुढे त्या घरात काय होतं ते मला कधी दिसलंच नव्हतं, कारण रिपोर्ट पाकिटात घातला की पुढचं नाव पुकारायचं. मग दोन वर्षांपूर्वी ती ओळ आमच्याच घरात आली. म्हणून ही एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, आकडे आणि नियम आमच्या सरांचे आणि नंतर भेटलेल्या बाळाच्या डॉक्टरांचे, बाकीची कुरकुर माझी.

भाऊ धाकटा, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. भावजय २६ वर्षांची, पहिलटकरीण, बीपी नाही, शुगर नाही, थायरॉइड नाही. तिसऱ्या महिन्यातली एनटीची सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी, डाउन सिंड्रोमसारख्या दोषांचा धोका बघायला करतात त्या, दोन्ही लो रिस्क आलेलं. पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी ऑक्टोबरात आली, २० आठवडे २ दिवस. नेमकी छाटणी चालू, माणसं बागेत, पेस्ट लावायचं काम अर्ध्यावर, त्यामुळे भाऊ गेला नाही, आईच तिच्याबरोबर जवळच्या एका सेंटरला गेली. तिथे काउंटरवर पाकीट हातात देताना कुणीतरी सांगितलं, बाळाच्या किडनीला सूज आहे, पुढच्या महिन्यात परत दाखवा. एवढंच. आणि पुढचं नाव पुकारलं. आता त्या काउंटरवरच्या पोरीला मी काय बोलणार, मी पण तेच करते की.

आईचा फोन मला साडेबाराला आला तेव्हा ती बातमी "किडनी सुजलीय" होती. तीन वाजता भावाच्या फोनवर ती "किडनी खराब" झाली होती, आणि संध्याकाळी चुलत काकांपर्यंत पोचली तोवर "किडनी फेल". काकांनी तर, काय ते लवकर ठरवा, नंतर कायद्यात बसत नाही, इथपर्यंत मजल मारली. त्यांनी कुठंतरी २४ आठवड्यांचं ऐकलेलं, २०२१ ला गर्भपाताच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हाचं. भावजय हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती, रात्री जेवली नाही. मला अजूनही त्या संध्याकाळचा राग येतो, कारण कुणीच तो रिपोर्ट उघडून वाचला नव्हता.

मी म्हटलं आधी फोटो पाठव. घडी पडलेल्या कागदाचा तिरका फोटो आला. डाव्या किडनीच्या पेल्व्हिसचं, म्हणजे मधल्या पिशवीचं, एपीडी (पुढून मागे माप) ५.५ मिमी, उजवं ३.१. कॅलिसेस (त्या पिशवीत उघडणाऱ्या छोट्या वाट्या) फुगलेल्या नाहीत, युरेटर म्हणजे खाली उतरणारी नळी दिसत नाही (फुगलेली नसली की दिसत नाही), मूत्राशय नॉर्मल, गर्भजल पुरेसं, बाकी मणका, हृदय, मेंदू सगळं ठीक. पंधरा ओळींच्या रिपोर्टात एक आकडा इकडचा तिकडे. सूज हा शब्द तर त्या कागदावर कुठेच नव्हता, तो काउंटरवर तोंडी चिकटला.

हा शब्दच सगळा घोळ करतो असं माझं मत आहे. सूज म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे मुरगळलेला पाय येतो, टम्म फुगलेला, गरम, दुखणारा, म्हणजे काहीतरी बिघडलंय आणि औषध पाहिजे. इथं तसलं काही नसतं. किडनीत तयार झालेली लघवी आधी मधल्या एका पिशवीत गोळा होते, नरसाळ्यासारखी असते ती, आणि तिथून बारीक नळीनं खाली मूत्राशयात उतरते. ती पिशवी नेहमीपेक्षा जरा जास्त भरलेली दिसली एवढाच त्या साडेपाचचा अर्थ. बाळाला दुखत नाही, आईनं काही खाल्ल्या-पिल्ल्यानं किंवा स्कूटरवर बसल्यानं झालेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी कमी झाल्यावर फोटो सरांना दाखवला. सरांनी रिपोर्टाच्या मागच्या कोऱ्या पानावर मला आकडे लिहून दिले, तो कागद मी अजून ठेवलाय. २७ आठवड्यांपर्यंत पेल्व्हिस ४ मिलिमीटरच्या आत असेल तर नॉर्मल, ४ ते ७ म्हणजे सौम्य. २८ आठवड्यांपासून पुढे ७ च्या आत नॉर्मल, ७ ते १० सौम्य. जन्मानंतर १० च्या आत. हे मोजमाप २०१४ ला वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवलं, त्याआधी जो तो आपापल्या हिशोबानं मोठं-लहान म्हणायचा. शंभर गरोदर बायकांत १ ते ५ जणींच्या बाळात हे दिसतं, म्हणजे फार दुर्मिळ असं काहीच नाही. आणि २००६ ला बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून काढलेला आकडा असा की पोटात असताना सौम्य दिसलेल्या शंभर बाळांपैकी साधारण १२ जणांत जन्मानंतर खरोखर काहीतरी सापडलं. जास्त फुगलेल्यांत मात्र तोच आकडा ८८ होता. सर म्हणाले, तुझी भावजय बाराच्या बाजूला नसण्याची शक्यताच जास्त आहे, पण ते बारा कोण हे आज मशीन सांगत नाही, म्हणून परत बघायचं.

हे सगळं फोनवर भावाला सांगताना माझी फे फे उडाली. शेवटी त्याच्याच भाषेत घातलं. म्हटलं ड्रिप डोळ्यापुढे आण. फिल्टर चालू आहे, पाणी येतंय, फक्त फिल्टरच्या पुढच्या पाइपात एका जागी फुगवटा दिसतोय. आता त्याची कारणं काय असतील तूच सांग. तो लगेच म्हणाला, पुढं कुठंतरी चोक असंल, नाहीतर एनआरव्ही (उलटं पाणी अडवणारी झडप) नीट बसत नसंल आन पाणी उलटं येत असंल. बरोब्बर हेच दोन मोठे प्रकार. नळी जिथं किडनीतून सुटते तिथं किंवा खाली मूत्राशयात शिरते तिथं अरुंद असणं हा चोक, आणि नळी मूत्राशयात शिरते तिथं जी झडपेसारखी रचना असते ती ढिली असल्यानं लघवी परत वर चढणं हा एनआरव्हीचा प्रॉब्लेम. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, तो म्हणजे काहीच नसतं, नळी अजून कोवळी असते, बाळ वाढता वाढता आपोआप जागेवर येतं. भाऊ थोडा गप्प राहिला आणि मग विचारलं, म्हणजे नवीन लाइन टाकल्यावर पहिले चार दिवस कुठंकुठं हवा धरते तसं? म्हटलं धर तसंच.

भावजयीला मात्र ड्रिपनं काही पटलं नाही. तिला धीर आला तो गर्भजलाच्या ओळीनं. साधारण १६ आठवड्यांनंतर बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच असते. पाणी पुरेसं आहे याचा अर्थ बाळ लघवी करतंय, म्हणजे किडन्या काम करतायत. हे तिला सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली, म्हणाली, म्हणजे ताई, ते आतच शू करतंय आणि आतच पोहतंय? म्हटलं हो बाई, आणि थोडं पितं पण. त्यावर तिनं तोंड वाकडं केलं. पण रात्री जेवली.

मग गूगलचा फेरा. भावजयीच्या भावानं कुठंतरी वाचलं की किडनीतलं हे पाणी म्हणजे डाउन सिंड्रोमची खूण. खूण धरतात हे खरं, पण फार किरकोळ. सरांनी तोही आकडा लिहून दिला होता, बाकी एकही खूण नसेल आणि फक्त हेच असेल तर आधीचा धोका जेमतेम १.०८ पट होतो, म्हणजे हजारात एक असेल तर साधारण नऊशे सव्वीसात एक, जवळपास जैसे थे. डबल मार्कर लो रिस्क, बाकी सोनोग्राफी स्वच्छ, त्यामुळे सुई घालून पाणी काढून तपासायची काही गरज नाही असं स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी पण सांगितलं.

आणि एक गंमत, गंमत कसली, वैतागच. काकांच्या मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलं की हा प्रकार मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो, साधारण दुप्पट. झालं. आदल्या दिवशी "लवकर ठरवा" म्हणणारे काका एकदम शांत, आणि आमच्या आईच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की विचारू नका. किडनीची काळजी राहिली बाजूला, ती मला हळूच विचारते, तुला तुझ्या सरांनी काही सांगितलं का गं? मी १४ वर्षं रोज फॉर्म एफ, गरोदर बायकांच्या सोनोग्राफीचा तो सरकारी फॉर्म, भरून घेते, मागं भिंतीवर गर्भलिंग निदान केलं जात नाही असा बोर्ड, महाराष्ट्रानं तर देशाचा १९९४ चा कायदा यायच्या आधी १९८८ लाच स्वतःचा कायदा केला होता, आणि माझी सख्खी आई मला हे विचारते. मी बोलले नाही दोन दिवस तिच्याशी. खरं तर वैद्यकीय दृष्टीनं तो प्रश्न अगदीच फालतू नसतो, कारण मूत्रमार्गात पडदा असण्याचा एक गंभीर प्रकार फक्त मुलग्यांतच होतो, पण त्यासाठी डॉक्टर मूत्राशय बघतात. ते ताणलेलं, जाड भिंतीचं, दोन्ही किडन्या फुगलेल्या आणि गर्भजल कमी, असं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं वाट बघत बसायचं नसतं, लगेच मोठ्या सेंटरला जायचं. आमच्या रिपोर्टात त्यातलं काहीच नव्हतं.

पाण्यावरून पण दोन पार्ट्या पडल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या पाणी कमी पी, म्हणजे बाळाच्या किडनीत कमी साठेल. आईनं उलट धन्या-जिऱ्याचं पाणी तांब्यानं सुरू केलं, लघवी साफ होते म्हणून. ऑक्टोबरच्या उन्हात ती बिचारी एका घरात तहानलेली आणि दुसऱ्या घरात तुडुंब. मॅडम म्हणाल्या तहान लागेल तसं नेहमीसारखं प्या, यानं किडनीचं काही होत नाही, ना चांगलं ना वाईट.

पुढची सोनोग्राफी ३२ आठवड्यांना करायची ठरली. काउंटरवरनं "पुढच्या महिन्यात" सांगितलं होतं, पण सौम्य असेल तर मधे दर महिन्याला बघून काही मिळत नाही, उलट दर वेळी आकडा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरनं हलतो आणि घरचे परत रडायला लागतात. ३२ ला जानेवारीत मी तिला आमच्याच सेंटरला आणलं. मॅडमची चिठ्ठी, आधार कार्ड, फॉर्म एफ, सगळं रीतसर, बहिणीचं घर म्हणून काही सूट नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा टाइप करताना स्क्रीनकडे नीट बघितलं. बाळ आडव्या छेदात घेतलं की मधे मणका पांढरा चमकतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किडन्या, करड्या, गोल, घुबडाच्या डोळ्यांसारख्या. करडं म्हणजे किडनीचा गर, मधलं काळं म्हणजे पाणी. उजव्या डोळ्याची बाहुली बारीक होती, डावीची मोठी. सरांनी त्या काळ्यावर पुढून मागे दोन अधिकाची चिन्हं ठेवली, ८.९. माझा हात एफ आठवर गेला तसं सर म्हणाले थांब. खाली मूत्राशय बघ, भरलंय. खरंच, ओटीपोटात काळा टपोरा मणी, सरांनी कलर लावला तसा त्याच्या दोन्ही बाजूंनी नाळेच्या रक्तवाहिन्या लाल-निळ्या पेटल्या. सरांनी बाळाचं वजन, डोकं, मांडी, पाणी सगळं मोजलं, बारा-पंधरा मिनिटं गेली, परत खाली आले तर तो मणी गायब. बाळानं मधल्या वेळात उरकून घेतलं होतं. डावी परत मोजली, ८.१. उजवी ४.२. आतल्या कॅलिसेस जराशा दिसत होत्या, बाहेरच्या नाहीत, गराची जाडी चांगली, युरेटर दिसलं नाही. एकाच बाळाचा एकाच टेबलावर पंधरा मिनिटांत पाऊण मिलिमीटरचा फरक, आणि आपण दोन वेगळ्या सेंटरांच्या, दोन वेगळ्या महिन्यांच्या आकड्यांवरून "वाढलं हो वाढलं" म्हणून कपाळावर हात मारतो. भावजय पण लगेच म्हणालीच, साडेपाचाचे आठ झाले ना ताई. पण बाळ पण मोठं झालं होतं, किडनीही मोठी, म्हणून तर पट्टी बदलते, ३२ आठवड्यांना ८.१ अजून सौम्यातच बसत होतं.

सरांनी सांगितलं, डिलिव्हरी कुठंही करा, मोठ्या हॉस्पिटलची जरूर नाही, नॉर्मल होत असेल तर नॉर्मल होऊ दे, तारखेआधी बाळ काढायचंही कारण नाही. फक्त जन्मानंतर ४८ तास उलटले की आठवड्याच्या आत बाळाची सोनोग्राफी. मी फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं, डावी किडनी, २० आठवडे ५.५, ३२ आठवडे ८.१, बाळ झाल्यावर दोन दिवसांनी सोनोग्राफी. मला वाटलं काम झालं.

झालं नव्हतं, कारण मी माहेर विसरले. पहिलं बाळंतपण माहेरी, डोहाळजेवण झालं आणि ती पंढरपूरकडं गेली. तिथल्या दवाखान्यात नवीन कार्ड, नवीन फाइल. ३६ आठवड्यांची सोनोग्राफी तिथंच झाली, त्यात वजन, पाणी, नाळेचा रक्तप्रवाह, किडनीबद्दल एक अक्षर नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, काही लिहिलं नाही म्हणजे गेलं. आणि लाल पेनाची फाइल तासगावात कपाटात, द्राक्षाच्या पावत्यांखाली. हे कुणाच्या हलगर्जीपणानं झालं असं मला नाही म्हणायचं, तिथल्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही तर ते काय करणार. पण आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात घर, गाव, डॉक्टर आणि फाइल चारही एका दमात बदलते आणि अशी "नंतर बघू" वाली गोष्ट नेमकी त्याच वळणावर गळून पडते.

फेब्रुवारी संपता संपता, ३९ आठवड्यांना, नॉर्मल डिलिव्हरी, २ किलो ८००, मुलगी. भाऊ बेदाण्याच्या शेडवर होता, तिथनंच गाडी काढली. आईच्या मनात बर्फी होती, भावानं पेढे वाटले, त्यावरनं जे काय झालं ते जाऊ दे.

रात्री मी फोन केला, बाळाची सोनोग्राफी कधी आहे? पलीकडनं भावजयीची आई म्हणाली, कसली? मग मी सगळं परत सांगितलं, फोटो पाठवले, आणि माझ्या आवाजातली घाई ऐकून त्यांनी सकाळी उठल्या उठल्या बाळ दुपट्यात गुंडाळून सोनोग्राफीला नेलं. बाळ तेव्हा जेमतेम २० तासांचं. रिपोर्ट, दोन्ही किडन्या नॉर्मल. सगळ्यांचे फोन, झालं की नाही बरं, उगीच जीव खाल्लास.

इथं ही केस हातातनं सुटता सुटता राहिली. पहिले दोन दिवस बाळाला चीक दूध चमचा-चमचा मिळतं, शरीरात पाणी कमी असतं, लघवी अगदी थोडी होते. लाइनला पाणीच सोडलं नाही तर फुगवटा दिसणार कुठनं? त्यामुळे पहिल्या दिवसाच्या नॉर्मलवर विसंबायचं नसतं. गंभीर शंका असेल, म्हणजे दोन्ही किडन्या खूप फुगलेल्या, किंवा एकच किडनी, किंवा मुलग्यात तो पडद्याचा संशय, तर लगेच करतात, बाकीच्यांना थांबतात. मी ४८ तास म्हणून ओरडत होते ते यासाठी, आणि घाई पण मीच लावली, तो दोष माझा. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना भावानं जुने रिपोर्ट दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःहून लिहून दिलं की सहाव्या दिवशी परत. सहाव्या दिवशी डावी ८.५.

भावजयीचा चेहरा परत पडला, नॉर्मलवरनं परत साडेआठ. तिला वाटलं जन्मल्यावर नव्यानं झालं. बारशाच्या आधी मी गेले आणि तिला दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून समजावलं, १० च्या आतच आहे, बाळ अंगावर पितंय, दिवसाला सहा-सात लंगोट ओले करतंय, वजन धरतंय. डॉक्टरांनी औषध दिलं नाही याचंच घरच्यांना जास्त टेन्शन. काहीच औषध नाही? एवढी सोनोग्राफी करून? काही बाळांना इन्फेक्शन होऊ नये म्हणून रोज रात्री थोडं अँटिबायोटिक देतात, पण ते मोठ्या फुगवट्याला, किंवा नळी फुगलेली असेल, किंवा लघवी उलटी चढते असं ठरलं असेल तर. अशा सौम्याला सरसकट देत नाहीत. बाळगुटी आणि धन्याचं पाणी मी हात जोडून बंद करवलं, सहा महिने फक्त आईचं दूध.

सहा आठवड्यांची सोनोग्राफी एप्रिलात, बाळ सासरी आल्यावर. डावी ९ मिमी, आतल्या कॅलिसेस थोड्या उघडलेल्या, ग्रेड दोन, एकूण ग्रेड चार असतात. सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांनी नीट बसवून सांगितलं. आकडा १० च्या पुढे असता, ग्रेड तीन-चार असती किंवा नळी जाड दिसली असती तर मूत्राशयात बारीक नळीनं औषध सोडून एक्स-रे काढतात, उलटी लघवी चढते का बघायला, आणि चोकची शंका असेल तर किडनी किती काम करते आणि किती वेळात रिकामी होते याचा आयसोटोप स्कॅन. त्यातल्या काहींनाच पुढे ऑपरेशन लागतं. या पोरीला आत्ता यातलं काही नको, कळ काढून तपासायचं कशाला, सोनोग्राफीवर लक्ष ठेवू. पण एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली, ताप आला आणि सर्दी-खोकला असं उघड कारण दिसत नसेल तर लघवी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करायचं नाही, कारण एकदा औषध पोटात गेलं की कल्चर खरं बोलत नाही.

सहा महिन्यांना ७ मिमी. आणि सातव्या महिन्यात ताप आला. रात्री १०२, नाक कोरडं, खोकला नाही. गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचे थेंब दिले आणि पुढची चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा भावजय, जी वर्षापूर्वी स्वयंपाकघरातनं ऐकत रडली होती, ती म्हणाली, डॉक्टर आधी लघवी, हिच्या डाव्या किडनीचं पेल्व्हिस सातचं आहे. भावानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हातातलं काम सोडून ऐकत राहिले.

लघवी पकडणं मात्र दिव्य. चिकटवायच्या पिशवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि खोटं इन्फेक्शन निघतं, कल्चरला ते चालत नाही. म्हणून खाली धुऊन, पाजून, लंगोट काढून बाळ आईच्या मांडीवर, नर्स ओटीपोटावर दोन बोटांनी हळू टकटक करतेय आणि भाऊ निर्जंतुक बाटली उघडून गुडघ्यावर. ४० मिनिटं. पहिली धार भावाच्या शर्टावर गेली, मधली बाटलीत. तीच हवी असते खरं तर, मधली. बाटली लगेच सांगलीला पाठवली, मायक्रोस्कोपखाली पेशी वाढलेल्या नव्हत्या, ४८ तासांनी कल्चरमध्ये काही उगवलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि छातीवर गुलाबी पुरळ उठलं, व्हायरल होता. अँटिबायोटिक लागलंच नाही.

वर्षाची झाल्यावर परत आमच्या सेंटरला आणली. गेल्या वेळी ती पडद्यावर होती, या वेळी टेबलावर, आणि प्रोबची वायर तोंडात घालायला बघत होती. जेल गार लागल्यावर असली किंचाळली की बाहेर बसलेल्या दोन गरोदर बायका डोकावून बघून गेल्या. आई तिच्या पायाशी खुळखुळा वाजवत उभी, हीच आई, आता नात म्हणजे जीव की प्राण. सरांनी उजवी बघितली, डावी बघितली, पोरगी पालथी घालून परत डावी. डावी ४ मिमी, कॅलिसेस बंद, दोन्ही किडन्यांची लांबी वयाप्रमाणे, मूत्राशय व्यवस्थित. सर म्हणाले आता सोनोग्राफी नको, बिनकारणाचा ताप आला तर लघवी तपासा फक्त, आणि ही फाइल फेकू नका.

मी सवयीनं एफ आठ दाबलं होतं. अख्खी ओळ स्क्रीनवर आली होती, डावी, माइल्ड फुलनेस, पुढे आकड्याची रिकामी जागा. सर मागून म्हणाले, अगं ते काढ. बॅकस्पेस दाबून धरलं, ओळ गेली, मग नॉर्मल लिहिलं आणि प्रिंटच्या दोन कॉप्या काढल्या, एक तासगावला, एक पंढरपूरला.